आपल्याकडे कुठं बर्फ पडतो? थंडीतल्या पोटशुळाच्या लेखावर आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमची प्रतिक्रिया परवाच वाचली होती पण द्राक्षाची विरळणी चालू आहे, दिवसभर बागेतून वेळ मिळत नाही, म्हणून आज रात्री निवांत बसून लिहितेय. दोन ओळीत उत्तर देता आलं असतं पण तुम्ही जे लिहिलंय ते आपल्याकडचे दहातले आठ घोडेवाले बोलतात, तेव्हा सगळ्यांसाठीच सविस्तर लिहिते.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. थंडीत घोड्याला पोटशूळ, म्हणजे पोटदुखी, होऊ नये म्हणून कोमट पाणी द्या असं मी लेखात लिहिलं होतं. भाऊंचं म्हणणं असं की ताई, हे सगळं परदेशातल्या बर्फातल्या घोड्यांचं आहे, आपल्याकडे कुठं बर्फ पडतो? झूल, कोमट पाणी म्हणजे नुसते लाड. मी स्वतः घोड्यापुढं दोन बादल्या ठेवून बघितल्या, एक कोमट एक थंड, तो थंडच पाणी प्यायला. आजोबा थंडीत बाजरी, गूळ, तूप द्यायचे, एकही घोडा पोटानं गेला नाही. आणि पोट धरलंच तर तेलात हिंग ओवा घालून नळीनं पाजायचं, तासाभरात मोकळा, डॉक्टरची गरज नाही.

बर्फाचं आधी सांगते. मी निफाड तालुक्यातली. डिसेंबर २०१८ च्या शेवटी आमच्याकडे पारा २ अंशांच्या आसपास गेला होता, द्राक्षाच्या पानांवरचं दव गोठलं होतं, लोक रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसले होते. पण ते सोडा, एवढी थंडी रोज नसते हे मला मान्य आहे. आणि खरं सांगायचं तर घोड्याला थंडी बाधतही नाही, कोरडा असेल, वारा अडवलेला असेल आणि पोटात वैरण असेल तर आपली थंडी तो आरामात काढतो, त्यामुळं झूल घालायची गरज नाही हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, मी लेखात झुलीवर उगाच जास्त लिहिलं. माझा सगळा जीव अडकलाय तो कोरडेपणात. आपल्याकडे थंडी आणि कोरडी वैरण एकाच महिन्यात येतात, आणि तिथंच घोडा फसतो.

हिशोब करून बघा. सप्टेंबर ऑक्टोबरात बांधावरचं हिरवं गवत असतं, त्यात ७०-८० टक्के पाणीच. घोड्यानं दिवसात १५ किलो हिरवं खाल्लं तर ११-१२ लिटर पाणी न पिताच पोटात गेलं. डिसेंबर उजाडला की बांध वाळतात, नवा कडबा घरी येतो, आपण कडब्यावर आणतो. कडब्यात पाणी जेमतेम १० टक्के. म्हणजे आता त्यानं आधीपेक्षा तेवढं जास्त पाणी प्यायला पाहिजे, आणि नेमका याच वेळी तो कमी पितो कारण घाम नाही, तहान नाही आणि हौदातलं पाणी गार. साडेतीनशे चारशे किलोच्या मारवाडी काठेवाडी घोड्याला कोरड्या वैरणीवर दिवसाला २५-३० लिटर तरी लागतं. तुमचा घोडा किती पितो हे मोजलंय का कधी? मी मोजत नव्हते, बरीच वर्षं.

आता हे पाणी जातं कुठं तर मोठ्या आतड्यात. तिथं वैरण दिवस दीड दिवस आंबत पडलेली असते आणि ती पातळ राहिली तरच पुढं सरकते. ते आतडं एवढं जाड की त्यात पाऊणशे लिटर माल मावतो, आणि एका ठिकाणी ते एकदम उलटं वळतं आणि वळतानाच अरुंद होतं. शरीराला पाणी कमी पडलं की शरीर ते आतड्यातूनच ओढून घेतं, माल घट्ट होतो आणि बरोब्बर त्या वळणावर बोळा बसतो. मागून माल येतच राहतो, गॅस धरतो, आणि वर घोड्याला उलटी करता येत नाही, जठराच्या तोंडाची झडप इतकी घट्ट असते की आत गेलेलं उलटं बाहेर येऊच शकत नाही. म्हणून माणसाची पोटदुखी आणि घोड्याची पोटदुखी एका मापानं मोजू नका.

तुमच्या दोन बादल्यांबद्दल. तुम्ही करून बघितलंत हे मला खरंच आवडलं, नाहीतर लोक नुसते वाद घालतात. आणि तुम्हाला दिसलं ते खरं आहे. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात ज्यांनी हे काम केलं त्यांनाही हेच दिसलं, दोन्ही पाणी शेजारी ठेवलं तर जनावर थंडच निवडतं. पण पुढची गोष्ट महत्त्वाची, नुसतं बर्फासारखं पाणी ठेवलं तेव्हा आणि नुसतं कोमट ठेवलं तेव्हा दिवसभरात एकूण किती पाणी पोटात गेलं ते त्यांनी मोजलं, तर कोमट असताना पोनी जवळपास ४० टक्के जास्त प्यायले. १९९४ सालचं काम आहे. म्हणजे आवड वेगळी आणि पोटात गेलेले लिटर वेगळे. तुम्ही एका वेळची आवड बघितली, आता चार दिवस सकाळी फक्त गार आणि चार दिवस फक्त कोमट असं करून बादल्या मोजा. आपलं पाणी त्यांच्याइतकं गार नसतं म्हणून फरक कमी पडेल, पण रात्रभर उघड्यावर राहिलेल्या दगडी डोणीत पहाटे हात घालून बघा, आपलाच हात निघतो बाहेर.

आणि लाडाचं म्हणाल तर मी कुठंही गॅस जाळा म्हटलेलं नाही, पण ते नीट लिहायचं राहिलं ही चूक माझीच. आपल्या जमिनीखालचं पाणी बारमाही कोमट असतं. पहाटे बोअर चालू केली की पाण्याच्या वाफा निघतात बघा. तेच ताजं पाणी सकाळी घोड्यापुढं धरायचं, झालं काम. चूक होते ती कुठं, तर रात्री हौद भरून ठेवतो आणि सकाळी तेच रात्रभर गारठलेलं पाणी जनावरानं प्यावं अशी अपेक्षा करतो. संध्याकाळी हौद अर्धाच भरा, बाकीचं सकाळी ताजं घ्या. लाइट रात्रीची असेल तर टाकीत भरून टाकी बारदानानं गुंडाळा आणि दुपारचं ऊन लागेल अशी ठेवा. फक्त ते पाणी तापवायचे इलेक्ट्रिक रॉड हौदात सोडू नका, एक घोडा मेलेला मी ऐकलाय. चंदीत, म्हणजे धान्याच्या खुराकात, चमचा दोन चमचे मीठ रोज, ३० ग्रॅम धरा, त्यानं तहान लागते. पण मीठ दिलं आणि पाणी पुढं नाही असं करायचं नाही.

आता आजोबांची बाजरी. यावर मी बराच विचार केला कारण माझ्या वडिलांचंही हेच होतं, आणि ती माणसं चुकीची नव्हती. पण भाऊ, आजोबांचा घोडा दिवसभर काय करायचा? आमच्याकडचे टांग्याचे घोडे लासलगावच्या बाजारला जाऊन यायचे, दिवसाला २०-२५ किलोमीटर चालणं, वाटेत चार ठिकाणी पाणी, परत आल्यावर खरारा. त्या घोड्याला बाजरी पचायची. आजचा घोडा शोचा, लग्नाच्या वरातीचा, नाचकामाचा, २२ तास अगाडी पिछाडी बांधून तबेल्यात उभा. चालणं थांबलं की आतडंही मंदावतं. त्याला थंडी लागते म्हणून आपण बाजरी वाढवतो आणि कडबा तेवढाच ठेवतो, हे उलटं आहे. घोड्याला ऊब मिळते ती वैरणीनं, आतड्यात वैरण आंबताना जी उष्णता निघते ती त्याची शेकोटी. धान्य एकदम जास्त गेलं की ते वर पूर्ण पचत नाही, न पचलेला पिठूळपणा मोठ्या आतड्यात उतरतो, तिथं आम्ल होतं, गॅस होतो, आणि पोटातून वाचला तर पायात उतरतं, खुरं गरम होऊन घोडा लंगडतो. एका वेळी दीड दोन किलोच्या वर चंदी नको, आणि वाढवायचीच तर दहा दिवसांत हळूहळू. तुपाचंही तेच, घोड्याला पित्ताशयच नसतं, थोडं थोडं सवयीनं तो पचवतो पण एकदम वाटीभर ओतलं तर लीद सैल होते आणि आपल्याला वाटतं की बघा, पोट साफ झालं. थंडी वाढली तर रात्री दहाला उठून आणखी एक पेंढी टाका. संध्याकाळी सातला खाल्लेला घोडा सकाळी सातपर्यंत रिकामा राहतो आणि सगळ्यात गारठा पहाटे चार ते सहाच्या दरम्यान, त्या वेळी त्याच्या जठरात काहीच नसतं.

कडब्याची जाड धाटं म्हाताऱ्या घोड्याला कुट्टी करून, पाणी शिंपडून द्या. गव्हाचा बारीक भुसा एकट्यानं कधीच नको. लसूणघास मिळत असेल तर थोडा रोज. दातांची टोकं वर्षातून एकदा डॉक्टरकडून घासून घ्या, जंताचं औषध डॉक्टरला विचारून. यावर लेखात लिहिलंच आहे.

आता नळीनं पाजण्याचं. हे लिहायला मला त्रास होतो पण लिहिते.

२०१२ च्या जानेवारीत आमच्याकडे राणी नावाची घोडी होती, तेरा वर्षांची, मी तिच्यावरच बसायला शिकलेली. तीन दिवस सलग गारठा होता, लाइट रात्रीची, हौद रात्रीच भरायचो. ती सकाळी यायची, ओठ बुडवायची आणि मान वर करायची. लीद कमी झाली होती, गोळे छोटे, कडक, वर चिकट पांढरट पडदा, मी ते रोज फावड्यानं उचलून टाकत होते आणि मला काही कळलं नाही. तिसऱ्या रात्री ती पुढच्या पायानं जमीन खोदायला लागली, वळून वळून कुशीकडं बघायला लागली. गावातले एक जाणते आले, बांबूच्या नळीनं अर्धा लिटर तेल हिंग घालून पाजलं. डोकं वर धरलं होतं मी. ती खोकली, सगळे म्हणाले चांगलं झालं, घशाखाली गेलं. डॉक्टर पन्नास किलोमीटरवरून पहाटे आले, त्यांनी नाकातून जठरात नळी घातली, सलाइन लावलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं लीद टाकली. पोट मोकळं झालं होतं भाऊ, पूर्ण मोकळं. पण तेल फुफ्फुसात गेलं होतं. सहाव्या दिवशी ती निमोनियानं गेली.

म्हणून मी नळीच्या विरुद्ध आहे. त्या जाणत्यांवर माझा राग नाही, त्यांनी मनापासूनच केलं. पण तोंड वर करून पाजलेलं तेल घशात गेलं की श्वासनळीत हे बाहेरून कुणालाच कळत नाही, डॉक्टर नाकातून नळी घालतात तेव्हा ती जठरातच गेलीय याची खात्री करूनच ओततात. आणि जठर आधीच तुंबलेलं असेल तर वरून आणखी ओतणं म्हणजे ते फुटायची वेळ आणणं. तुमच्या आजोबांचे जे तासाभरात मोकळे झाले ते बहुतेक साध्या गॅसचे असणार, ते फिरवूनही मोकळे झाले असते. बोळा बसलाय की आतडं पिळलंय हे आपल्याला बाहेरून कळत नाही, तिथं हिंगाचं काही चालत नाही.

मग डॉक्टर येईपर्यंत काय करायचं? पुढची चंदी वैरण काढून घ्या, पाणी राहू द्या. दहा पंधरा मिनिटं हळू चालवा, लोळण घेऊन स्वतःला इजा करू नये एवढ्यापुरतं, रात्रभर दमवू नका. जबड्याच्या हाडाखाली बोट ठेवून नाडी मोजा, शांत घोड्याची मिनिटाला ३० ते ४० असते, ६० च्या वर गेली तर एक मिनिट थांबू नका. हिरड्या बघा, कुशीला कान लावा, गुडगुड येतेय का ऐका, शेवटची लीद कधी टाकली ते आठवा. हे सगळं डॉक्टरला फोनवर सांगा. घरात ठेवलेलं दुखण्याचं इंजेक्शन त्यांना न विचारता टोचू नका, दुखणं झाकलं जातं आणि ऑपरेशनची वेळ निघून जाते.

आणि रोजचं एकच काम, लीद मोजा. निरोगी घोडा दिवसात आठ ते बारा वेळा लीद टाकतो. चारवर आला, गोळे कडक झाले, की त्याच दिवशी जागे व्हा. घोडा पाय आपटायला लागेपर्यंत वाट बघायची नाही.

तुम्ही लिहिलंय की दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला घोडा नेणार आहात. मला तिथलीच जास्त काळजी वाटते. गाडीत सात आठ तास, नवीन जागा, नवीन पाणी, तापीकाठचा गारठा, भोवती हजार घोडे, त्यात बरेच घोडे वासानंच पाणी सोडतात. निघायच्या आठ दिवस आधीपासून पाण्यात थोडा गूळ टाकायची सवय लावा म्हणजे तिथल्या पाण्याची चव त्याला वेगळी लागणार नाही. घरचाच कडबा सोबत न्या, तिथं मिळेल ती वैरण एकदम सुरू करू नका. आणि खाली रेतीवर वैरण टाकू नका, टोपल्यात किंवा तोबऱ्यात द्या, रेती पोटात जाऊन बसते. शंका आली तर मूठभर लीद बरणीत पाण्यात कालवून ठेवा, तासाभरात रेती तळाला दिसते.

एक विचारायचं राहिलं. तुमचे आजोबा घोड्यांना पहाटे पाणी कुठं पाजायचे, घरच्या हौदावर की मोट चालू असलेल्या विहिरीवर? घरात कुणाला आठवत असेल तर विचारून नक्की लिहा. माझे वडील सांगायचे की त्यांच्या लहानपणी पहाटे मोटेच्या थारोळ्यावरच घोडे नेत, आणि त्या पाण्याच्या वाफा निघत.