ती बोअर बुजवायचीच, मामा

परवा मामांचा फोन आला, म्हणे बोअर बुजवायला खडी सांगितली होती ती नको म्हणून कळवलं. का, तर गावच्या ग्रुपवर मेसेज आलाय, 'बंद खाण 3 वर्षांत हिरवीगार करा', आणि त्यात लिहिलंय की खाणीतली जुनी बोअर बुजवायची नाही. हा मेसेज मलाही गेल्या आठवड्यात तीन-चार ठिकाणाहून आलेला, मी तेव्हा काही बोललो नाही. आता घरातच पोचलाय म्हटल्यावर गप्प बसणं बरोबर नाही.

आधी जागा सांगतो. सोलापूरला तुळजापूर रोडच्या बाजूला मामांचा साडेतीन एकर मुरमाड माळ आहे. एकाने तो खडी काढायला घेतला होता, काम संपलं तसं मशीन नेलं आणि जाताना बोअरचं केसिंगपण, म्हणजे भोक ढासळू नये म्हणून आत बसवलेला पाइप, उपसून नेलं. केसिंग निघालं की वरचा मुरूम आत ढासळत राहतो, त्यामुळे साडेसहा इंचाचं तोंड आज चांगलं हातभर रुंद झालंय आणि भोवती कुसळी गवत एवढं माजलंय की दोन पावलांवरूनसुद्धा खड्डा दिसत नाही. सुट्टीत मामांची नातवंडं तिथंच शेळ्यांमागे पळत असतात.

आणि मेसेज काय म्हणतो? 'बोअर बुजवली की जमिनीतले झरे मरतात, शेजारची विहीर आटते. तिला श्वास घेऊ द्या, फार तर पोत्याचा बोळा कोंबून वर फरशी ठेवा.' हे लिहिणाऱ्याने उघडी बोअर कधी जवळून बघितलीय का? पोतं दोन पावसाळ्यांत कुजतं. वरून माती पसरलेली असते, गवत आलेलं असतं, खाली मात्र पोकळ. उघडी बोअर निदान दिसली तर माणूस बाजूने जातो, ही तर दिसतच नाही. 2006 साली हरियाणात कुरुक्षेत्राजवळ प्रिन्स नावाचं पाच वर्षांचं पोरगं असंच बोअरमध्ये पडलं, जवळपास 50 तासांनी जिवंत निघालं, अख्ख्या देशाने टीव्हीवर बघितलं. त्यानंतर कितीतरी लेकरं पडली आणि सगळी काही जिवंत निघाली नाहीत.

म्हणूनच सुप्रीम कोर्टाने 11 फेब्रुवारी 2010 ला उघड्या बोअरबद्दल निर्देश दिले, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यात सुधारणाही केली. त्यात सरळ लिहिलंय: सोडून दिलेली बोअर तळापासून जमिनीच्या लेव्हलपर्यंत माती, वाळू, दगडगोटे, ड्रिलिंगचा चुरा यांनी भरायची. आणि जी वापरात आहे तिच्या केसिंगभोवती अर्धा मीटर बाय अर्धा मीटरचा काँक्रीटचा ओटा, 30 सेंटीमीटर जमिनीच्या वर, 30 खाली, तोंडाला वेल्डिंग केलेली प्लेट नाहीतर नट-बोल्टचं पक्कं झाकण. बोळा आणि फरशी यात कुठंच बसत नाही.

आता झऱ्यांचं. आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे, त्यात पाणी फटींतून आणि दोन थरांच्या सांध्यातून आडवं फिरतं. साडेसहा इंचाचं एक भोक भरलं म्हणून ते थांबत नाही, बाजूने जातं. उलट भोक उघडं असलं की वरच्या थरातलं पाणी, म्हणजे ज्यावर मामांची 50 फुटी विहीर चालते तेच, त्या भोकातून खालच्या कोरड्या फटींत उतरू शकतं. म्हणजे विहिरीची काळजी असेल तर बोअर बुजवायलाच पाहिजे. शिवाय पावसात खाणीतलं गढूळ पाणी, शेण-मूत सगळं थेट खाली जातं ते वेगळंच.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. बोअरमधून पुनर्भरण होतं, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवता येतं, हे खोटं नाही. पण त्यासाठी केसिंग शाबूत लागतं, भोवती खड्डा घेऊन दगड, खडी, वाळूचे थर भरावे लागतात आणि पाणी गाळून आत सोडावं लागतं. मामांच्या बोअरला केसिंगच नाही.

खर्चाचीही भीती घातलीय, 'हजारो रुपयांची खडी लागते'. हिशोब करा की. साडेसहा इंच व्यास, 300 फूट खोली, झालं 70 घनफूट. ब्रास म्हणजे 100 घनफूट, म्हणजे पाऊण ब्रासपण नाही! वरचं तोंड रुंद झालंय त्याला थोडी जास्त धरा. फक्त पाटी उपडी करून एकदम ओतायची नाही, दगड मध्येच अडकतो, खाली पोकळी राहते आणि वर्षभराने सगळं खचतं. दोरीला वजन बांधून खोली मोजत मोजत थोडं थोडं टाकायचं, वरच्या भागात काळी चिकण माती ठोकून बसवायची आणि त्यावर काँक्रीट.

दुसरा मोठा मुद्दा झाडांचा. 'मुरमावर गवत येत नाही, दाट सुबाभूळ लावा.' अहो, सोलापूरकरांनी हे फॉरवर्ड करावं? नान्नजला 1979 साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं ते याच गवताळ माळामुळे. पवना, मारवेल, कुसळी ही आपल्या मुरमाचीच गवतं आहेत. सुबाभळीचं बी इतकं पडतं की नंतर आवरत नाही, आणि पाल्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, मेंढ्यांना तोच जास्त घातला तर लोकर गळते. खाणीनंतर जमिनीवर पुन्हा गवत आणून ती चाऱ्याजोगी करायची ही अट खाणपट्ट्यांना घाला, असं सुप्रीम कोर्टाने 8 जानेवारी 2020 ला केंद्राला सांगितलं होतं. गवतच म्हटलंय, जंगल नाही.

करायचं काय, तर खाणीच्या कडेला ढीग लावून ठेवलेली वरची माती परत पसरायची, उताराला आडवे चर काढायचे, धनगरांना सांगून उन्हाळ्यात मेंढ्या बसवायच्या. दिवाळीच्या आसपास शेजारच्या माळावरचं पिकलेलं गवत कापून, बी सकट ठेवून पुढच्या पावसाच्या तोंडावर पसरायचं. झाडं हवीच तर हिवर, बोर, बाभूळ, तीही विरळ.

सीड बॉल, म्हणजे बी घालून वळलेले मातीचे गोळे, नुसते फेकून उघड्या कातळावर काही होत नाही, आधी माती पाहिजे. आणि 'खड्डा शहरातल्या कचऱ्याने भरून घ्या' हे तर अजिबात ऐकू नका, त्याचं काळं पाणी त्याच फटींतून विहिरीत येणार.

मामांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, खडी परत सांगतो, पण तू ये. रविवारी सकाळी निघतोय, दोरी आणि वजन घेऊन. तोवर तोंडाभोवती काटेरी बाभळीच्या फांद्या रचून ठेवायला सांगितल्यात.