भागिले पाच

गुरुवारी संध्याकाळी लेकीने दप्तरातून गणिताची वही काढली आणि पंचनाम्याचा कागद सहीला ठेवावा तशी माझ्यापुढे ठेवली. पानावर लाल शाईची फुली. खाली बाईंचं टपोरं अक्षर : ‘उत्तर चूक. गृहपाठ विद्यार्थ्याने स्वतः करावा. पालकांची सही.’

सातवीला ‘सांख्यिकी’ नावाचा धडा आहे, त्यावर बाईंनी घातलेलं उदाहरण. एका फलंदाजाने पाच डावांत ४५, ०, ७२, ३३ आणि ५० धावा केल्या, तर सरासरी किती? रात्रीचे साडेदहा वाजले होते, मी विरजण लावत होते. तिकडूनच म्हटलं, बेरीज दोनशे, भागिले चार, आलं पन्नास, झोप आता. शून्य मला दिसलंच नव्हतं असं नाही. दिसलं होतं. पण शून्य मिळवून बेरजेत काय फरक पडतो, म्हणून मी ते मनातल्या मनात बाजूला ठेवलं आणि भागायच्या वेळी ते बाजूलाच राहिलं. शिवाय पन्नास हे उत्तर इतकं गोल आणि भरीव आलं की शंका यायचं कारणच नव्हतं. (चाळीसही तितकंच गोल आहे, हे मला नंतर ऐकवण्यात आलं.)

“बाईंना कळलं कसं मी सोडवलंय ते?”

“त्यांनी विचारलं, कोणी सोडवलं? मी म्हटलं, आईने.”

“वर्गात? सगळ्यांसमोर?”

“मग काय खोटं बोलू?”

खोटं बोलू नये हे मीच शिकवलंय. शिकवताना माणूस पुढचा विचार करत नाही.

गेली सतरा वर्षं मी कचेरीत पगारपत्रकं करते. भत्ते, कपाती, बिनपगारी रजा, सगळं. त्यामुळे ‘उत्तर चूक’ एक वेळ मी गिळलं असतं, पण ‘स्वतः करावा’ काही केल्या घशाखाली उतरेना. मागच्याच महिन्यात ह्याच शाळेने ‘पालकांच्या मदतीने’ ज्वालामुखी करून आणायला सांगितला होता. रात्री एक वाजता मी ओट्यावर खायचा सोडा आणि व्हिनेगर घेऊन उभी होते. त्या ज्वालामुखीला ‘छान’ असा शेरा मिळाला. म्हणजे मी केलेलं बरोबर आलं तर ती पालकांची मदत, आणि चुकलं की लाल शाई.

शनिवारी पालकसभा होती. एवढं बोलायचंच असं ठरवून गेले.

वर्गाबाहेर व्हरांड्यात बाकं मांडली होती. ही बाकं सरासरी उंचीच्या मुलासाठी केलेली असतात, त्यामुळे आम्ही सगळे पालक गुडघे हनुवटीला लावून रांगेत बसलो होतो. माझ्या शेजारी एक आजोबा. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, खिशाला दोन पेनं. मुलगा-सून कामावर, म्हणून नातवाच्या सभेला हे आले होते. मी वही उघडून मनात भाषण जुळवत होते, तेवढ्यात त्यांनी मान लांब करून पान वाचलं. नुसतं पाहिलं नाही, ओठ हलवत अथपासून इतिपर्यंत वाचलं.

“आवो ताई,” ते म्हणाले, “ह्यात चुकलंय काय?”

मी म्हटलं, “काही नाही हो आजोबा, एक शून्य मोजायचं राहिलं.”

“शून्य कशाला मोजायचं?”

आवाज असा, की व्हरांड्याच्या त्या टोकाला पाणी पिणारा शिपाई थांबला.

“शून्यावर आऊट झाला म्हंजे त्यो खेळलाच न्हाई की! न खेळलेल्याचा हिशेब धरून खेळलेल्याची सरासरी का खाली वढायची? ह्या ताईंचं बराबर हाय. चूक बाईंची हाय!”

“आजोबा, जरा हळू.”

“हळू कशाला? हिशेबाला काय भ्यायचं? म्या एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर हुतो, सातारा डेपोला. एका दिवशी वेबिल न जुळता घरी गेलो न्हाई.”

एव्हाना निम्म्या पालकांच्या माना आमच्याकडे वळल्या होत्या आणि उरलेल्यांना काय झालं ते शेजारचे सांगत होते. गुरुवारपर्यंत माझी चूक चाळीस मुलांना माहीत होती. आजोबांनी दोन मिनिटांत ती त्यांच्या घरपोच केली.

मला वाटलं, संपलं. पण ती नुसती घंटी होती, गाडी अजून सुटायची होती.

“आमच्यात भारमान काढायचे,” आजोबा माझ्याकडे वळून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगू लागले. “गाडी किती भरली त्याची सरासरी. माझी ड्यूटी बामणोलीची. सकाळी साताऱ्याकडं येताना दारात माणूस, पायरीवर माणूस, तिकीट फाडायला हात वर निघंना. दुपारी परत जाताना गाडीत म्या, डायवर आन् एक कोंबडी. तीबी पिशवीत. आता साहेब काय करणार? दोन्ही फेऱ्यांची बेरीज, भागिले दोन. भारमान पन्नास-पंचावन टक्के. आन् वर म्हणणार, गाडी अर्धीच भरती, फेरी बंद करा. आवो, अर्धी कवा भरली? एकतीस वर्षांत म्या अर्धी भरलेली गाडी बघितली न्हाई!”

हे खरं सांगायचं तर मला पटलं. सरासरी ही अशी गाडी आहे जी कुठल्याच रस्त्यावर धावत नाही. पण पटलं म्हणून गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. मी विचारलं, “मग रिकामी फेरी धरायचीच नाही?”

“न्हाई.”

“पण डिझेल तर जाळलंच ना?”

“डिझेल साहेबाचं,” आजोबा म्हणाले, आणि तो मुद्दा मिटला.

समोरच्या बाकावर एक बाई मांडीवर फाईल घेऊन बसल्या होत्या. त्या अगदी मवाळपणे म्हणाल्या, “पण काका, शून्य ही पण एक संख्याच आहे ना.”

“तुमचं पोरगं कितवीत हाय?”

“पाचवीत.”

“मग तुमचा धडा आजून आला न्हाई,” असं म्हणून त्यांनी त्या बाईंना खाली उतरवलं आणि पुन्हा माझ्याकडे वळले. आता त्यांना रंग चढला होता. “ताई, आता म्या घालतो, तुम्ही सोडवा. सातारा ते पुणं, हिशेबाला एकशेवीस किलोमीटर धरा. पुण्याकडं जाताना बोगदा हाय, गाडी ताशी साठनं गेली. येताना खंबाटकीचा घाट, म्होरं ट्रका, गाडी चाळीसनं आली. सरासरी वेग किती?”

इथे मी तोंड बंद ठेवायला हवं होतं. माझं सगळं आयुष्य मी तोंड कुठे बंद ठेवायला हवं होतं याच्या नोंदींनी भरलेलं आहे. साठ अधिक चाळीस शंभर, भागिले दोन.

“पन्नास,” मी म्हटलं.

आजोबांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि टोपी परत घातली.

“तुम्हाला पन्नास लई आवडतंय.”

“अठ्ठेचाळीस,” माझ्या मागून आवाज आला. माझीच लेक. वर्गातून बाहेर येऊन कधी उभी राहिली होती कोण जाणे.

“शाब्बास! कसं, सांग तुझ्या आईला.”

“जाताना दोन तास, येताना तीन तास. म्हणजे दोनशे चाळीस किलोमीटर, भागिले पाच.”

पुन्हा भागिले पाच.

“चाळीसनं गाडी जास्त वेळ चालती,” आजोबांनी मला समजावलं, आता हलक्या आवाजात. आजाऱ्याशी बोलतात त्या आवाजात. “म्हून सरासरी तिकडं झुकती. सावकाश जाणाऱ्याचं वजन जास्त.”

मग आमचा नंबर आला. आमचा म्हणजे माझा. पण आजोबा “चला, म्या सांगतो बाईंना” म्हणत माझ्या आधी आत शिरले. ज्वालामुखीवर तयार केलेलं माझं भाषण तिथेच थिजलं, कारण पुढची पाच मिनिटं माझी बाजू एसटी महामंडळ मांडत होतं. कोंबडीसकट.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “आजोबा, तुमचा नातू आठवड्यातले पाच दिवस शाळा असताना चार दिवस आला, तर हजेरी कशी काढायची?”

“चार.”

“भागिले?”

आजोबांनी छताकडे पाहिलं. खिडकीकडे पाहिलं. खिशातली पेनं तपासली.

“पाच,” ते म्हणाले. “पण हजेरीचं येगळं असतं.”

बाई माझ्याकडे वळल्या. “तुम्ही पगारपत्रकं करता ना?” हेही लेकीने सांगितलेलं. बिनपगारी रजा असलेल्या माणसाचे दिवस मी कशाने भागते, हे त्यांनी विचारलं नाही. न विचारता नुसत्या हसल्या. त्या हसण्याचा मला अजून राग आहे. ज्वालामुखीचं मी बोललेच नाही.

रात्री जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं. हसेल असं वाटलं होतं, पण त्याने घास खाली ठेवला आणि गंभीरपणे विचारलं, “त्या शून्यावर तो नॉटआउट होता का?”

“म्हणजे?”

मग जे सुरू झालं ते मी चपात्या लाटता लाटता ऐकलं. क्रिकेटमध्ये म्हणे डावांनी भागतच नाहीत, किती वेळा बाद झाला त्याने भागतात. डॉन ब्रॅडमन ८० डाव खेळला, १० वेळा नाबाद राहिला, धावा ६९९६. भागिले सत्तर, म्हणून ९९.९४. तुमच्या बाईंनी ऐंशीने भागून त्याला ८७.४५ वर आणून बसवला असता! शेवटच्या डावात, १९४८ साली ओव्हलवर, सरासरी शंभर व्हायला त्याला फक्त चार धावा हव्या होत्या आणि होलीजने त्याला दुसऱ्याच चेंडूवर शून्यावर उडवला. ते शून्य मोजलं म्हणून ९९.९४. नवऱ्याने मोबाइलवर हिशेब केला : तुझ्या पद्धतीने, म्हणजे ते एक शून्य बाजूला ठेवलं, तर १०१.३९. “तुझ्या पद्धतीने” हे त्याने ज्या आदराने म्हटलं तो आदर मला लग्नानंतर प्रथमच मिळत होता.

मग आपला विजय मर्चंट आला, प्रथम श्रेणीत ७१.६४. मग ऑस्ट्रेलियाचा बिल जॉन्स्टन. हा गोलंदाज. १९५३च्या इंग्लंड दौऱ्यात १७ डावांत बाद झाला एकदाच. धावा १०२, म्हणून सरासरी १०२! अख्ख्या संघात सर्वात वर, अकराव्या नंबरचा माणूस! शेवटी उभं राहायचं, बाद व्हायचं नाही, बाकीच्यांचं आटपलं की त्यांच्याबरोबर परत यायचं.

“ओळखीचा वाटतो,” मी म्हटलं.

“कोण?”

“काही नाही. चपाती घे.”

त्याच्या ताटात मी पाचवी चपाती वाढली, आणि तेव्हा मला आठवलं. सरकारने २०१९ साली देशभर पाहणी केली होती, कोण दिवसाचा वेळ कशात घालवतं याची. घरकामात बायका रोज २९९ मिनिटं, पुरुष ९७ मिनिटं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते ९७ बरेच वाटले होते. दीड तासाच्या वर! कुठे राहतात हे पुरुष? तर खालच्या ओळीत होतं : ही सरासरी त्या दिवशी ज्यांनी घरकाम केलं त्यांचीच. आणि असे पुरुष शंभरात सव्वीस. उरलेल्या चौऱ्याहत्तरांना भागाकारात घेतलेलंच नाही. शून्यावर आऊट, म्हणजे खेळलेच नाहीत, सातारच्या आजोबांच्या नियमाने. सगळ्यांना धरून भागलं की ते ९७ पंचवीसच्या आसपास येतात.

म्हणजे मी जे केलं तेच. पण त्यांच्या पानावर लाल फुली नाही.

आमच्या घरापुरतं मी तिथल्या तिथे काढलं. कचेरीतून आल्यावर आणि जायच्या आधी मिळून माझे पाच तास. त्याचं शून्य. बेरीज पाच, भागिले दोन, माणशी अडीच तास. सरासरीने पाहिलं तर आमच्या घरात दोघंही रोज अडीच तास ओट्याशी उभी असतो. मी हे त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. लेक मध्येच म्हणाली, “आई, ह्या वेळी शून्य बरोबर मोजलंस.”

नवरा गप्प झाला. मग काहीही न बोलता उठला, संध्याकाळपासून टीपॉयवर पडलेला आपला चहाचा कप उचलला आणि स्वयंपाकघरात गेला. नळाचा आवाज आला. नळ बंद झाल्याचाही आला. मी घड्याळाकडे पाहत होते : दीड मिनिट.

“झालो ना आता मी सव्वीसात?” हात पॅन्टला पुसत त्याने विचारलं.

झाला. आता त्याला धरावाच लागणार, आणि त्याच्या त्या दीड मिनिटाने बाकीच्या सव्वीसांची सरासरी खाली येणार. कपाच्या कानाला साबण तसाच होता. तो मी नंतर धुतला.

वहीवर अजून सही केलेली नाही. सोमवारी द्यायची आहे.