डॅनबरी ट्रॅशर्स संघाबाबत खुलासा

अमेरिकेतील कनेटिकट राज्याच्या डॅनबरी शहरातील ‘ट्रॅशर्स’ हा आइस हॉकी संघ केवळ मारामारीसाठी उभारला होता आणि त्याच कारणावरून लीगने २००६ मध्ये त्याची हकालपट्टी केली, असे सांगितले जाते. ते खरे नाही.

युनायटेड हॉकी लीग या दुय्यम दर्जाच्या लीगमधील हा संघ २००४ ते २००६ असे दोनच हंगाम खेळला. कचरा वाहतुकीचे मोठे व्यावसायिक जेम्स गॅलांटे यांनी तो घेतला आणि कारभार १७ वर्षांच्या मुलाकडे, ए. जे. गॅलांटे याच्याकडे सोपवला. संघ आक्रमक होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च आइस हॉकी लीग असलेल्या एनएचएलच्या विजेतेपदासाठीच्या, २००३ च्या स्टॅन्ली कप अंतिम मालिकेतील निर्णायक सामन्यात गोल करणारा माइक रप वेतनाच्या वादातून संघमालकांनी पुकारलेल्या एनएचएलच्या टाळेबंदीच्या काळात याच संघातून खेळला, आणि २००६ मध्ये संघाने आपल्या लीगची अंतिम फेरी गाठली, जिथे कलामाझू विंग्जने त्याला हरवले. निव्वळ दांडगाईवर इथवर पोहोचता येत नाही, आणि खेळाडूंच्या कष्टांची ही नोंद पुसली जाऊ नये असे मनापासून वाटते.

संघ बंद पडला तो जून २००६ मध्ये मालकावर संघटित गुन्हेगारीचे संघराज्यीय आरोपपत्र दाखल झाल्यामुळे. खेळाडूंना गॅलांटे यांच्या कंपन्यांत नावापुरत्या नोकऱ्या दाखवून लीगची वेतनमर्यादा चुकवल्याचाही त्यात आरोप होता. २००८ मध्ये गॅलांटे यांनी गुन्हा कबूल केला व त्यांना ८७ महिन्यांची शिक्षा झाली.