खिडकी सामायिक, पाऊस माझा

मंगळवारी सकाळी पाऊस जरा उघडला म्हणून ओटीलगतच्या खोलीची खिडकी उघडायला गेलो, तर डावं झडप बिजागऱ्यांसकट बाहेरच्या अंगाला कलंडलं. खाली बायकोने नुकत्याच लावलेल्या अबोलीच्या कुंड्या. सोडावं तर घरात राहायची सोय नाही, आत ओढावं तर मध्ये गज. बायको बाजारात. मी दोन्ही हात गजांतून बाहेर काढून ते फणसाचं धूड धरलं आणि तुरुंगातल्या कैद्यासारखा उभा राहिलो.

गडग्यापलीकडे शेजारचे आबा मशेरी लावत होते. त्यांनी शांतपणे बोट धुतलं, चूळ भरली, काठी घेतली आणि आमच्या खळ्यात आले.

"मोडलंस?"

"मोडली, आबा. आपणहून. जरा धरा."

"आपसूक कशी मोडतली? तुज्या आज्यान घातलेली ती."

"म्हणूनच मोडली. धरा ना जरा."

"धरतंय रे. पण आदी सांग, लाकूड खयचा?"

"फणसाचं."

"मगे! फणस कदी मोडता काय?"

फणस खरोखर सहसा मोडत नाही, हे मलाही माहीत आहे. गाभ्याच्या लाकडाला वाळवीसुद्धा लवकर तोंड लावत नाही. पण माझ्या हातात जे होतं ते मोडलेलं होतं आणि खांद्याला रग लागली होती. आबांनी काठीचं लोखंडी टोक चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात टेकवलं. फार जोर लावला असंही नाही. टोक आत गेलं, आणखी आत गेलं आणि अडकलं. आबांनी दोन्ही हातांनी ओढून काढलं, तर मागोमाग ओंजळभर भुसा आला.

"बघलंस?"

"बघतोय."

"भुसो. म्हणजे लाकूड जुना असा. जुन्या लाकडाची सर नव्याक नाय."

"आबा, खांदा निखळतोय."

"ह्या असाच ठेव. खालती चार बोटांचो तुकडो मार, वर रंग मार. आजून पन्नास वर्सां बघूक नको."

मग आजोबांनी झाड कसं उभं असतानाच निवडलं होतं, सुतार कुठल्या वाडीतला होता, त्याच्या मुलीचं लग्न कसं मोडलं, हे सगळं झालं. शेवटी टपालवाला आला, त्याने सायकल टेकवून झपकन झडप उतरवलं. "सांबाळून रे!" हे त्याला आबांनी सांगितलं.

यात मला झोंबलं ते वेगळंच. आबांच्या स्वतःच्या घराला सगळ्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आहेत. मुलाने पैसे पाठवले, यांनी बसवून घेतल्या. पाणी जायची भोकं मिस्त्रीने सिमेंटने बुजवली आहेत. त्यामुळे नैर्ऋत्येची झड सुरू झाली की रुळात पाणी तुंबतं आणि आबा आषाढभर वाटी-फडकं घेऊन ते उपसत बसतात. वर ती खिडकी कायम अर्धीच उघडते, म्हणजे वैशाखात अर्धाच वारा. याबद्दल विचारलं तर म्हणतात, "आमचा वेगळा. आमच्याकडे आता म्हातारी माणसा असत."

खिडकी बदलायची कधी, हे कळायला खरं तर काही लागत नाही. पावसाळ्यात झडप फुगून बसलं तर गप्प बसावं, दिवाळीपर्यंत सुकून आपोआप सुटतं. उगाच पावसात रंधा मारला की मार्गशीर्षात त्या फटीतून मांजर बघतं. पेचकस खालच्या कोपऱ्यात खुपसावा. टोकाने नुसतं खरवडलं तर रंग द्यावा. बोटभर गेला आणि तेवढ्याच जागी गेला तर कुजका भाग कापून जोड द्यावा. मुठीपर्यंत गेला तर प्रश्न संपला. चौकटीचे कर्ण मापावेत, दोन्ही सारखे नसतील तर चौकट कलली, मग नवीन झडपंही नीट बसत नाहीत. आणि गज. खाऱ्या हवेत लोखंड गंजतं, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि गजाच्या भोकापाशी चौकट चिरते. त्या चिरेतून पाणी शिरतं. आमच्याकडे हे सगळं झालेलं आहे. मे २०२१ च्या तौक्ते वादळात ही खिडकी रात्रभर मी आणि एक तांदळाची गोण, अशा दोघांनी धरून ठेवली होती. त्यानंतर ती नुसत्या ऑइलपेंटवर उभी आहे. दर गणपतीत एक थर, तोही ओल्या लाकडावर, म्हणजे आतली ओल आतच. एकदा हिरवा, एकदा चॉकलेटी, एकदा डोंबिवलीच्या दादाने हौसेने आणलेला फिरोजी.

आता अडचण इथेच आहे. घर सामायिक. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, आमच्या सगळ्या चुलत-सख्ख्यांची नावं आहेत, घरपट्टीच्या पावतीवर मात्र सही माझी. व्हॉट्सॲपवर खिडकीचा फोटो टाकला. ठाण्याच्या ताईने रडका चेहरा पाठवला आणि लिहिलं, "त्या खिडकीत बसून मी पत्ते खेळलेय रे." पुण्याच्या वहिनीने वारसा जपण्याविषयी एक लांबलचक मजकूर पुढे ढकलला. एक पुतण्या म्हणाला यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकची खिडकी बसवा, गंजत नाही. बरोबर आहे, पण आतले स्क्रू नि चाकं गंजतातच. समुद्राजवळ ३१६ नंबरचं स्टील मागावं लागतं, आणि त्याचा भाव सांगितल्यावर पुतण्या ऑफलाइन गेला.

वर्षातून गणपतीचे पाच दिवस येणाऱ्यांना ही खिडकी फार गोड वाटते. तिच्याखाली अंथरूण माझं असतं. रात्री अंगावर तुषार आले की उठून खाट ओढायची, फटीत पोतं कोंबायचं, सकाळी ते पिळायचं. एकदाही कुणी विचारलं नाही, की तू झोपतोस कुठे. रंगाचे पैसे मात्र वर्गणीने निघतात, कारण रंग फोटोत दिसतो.

सुताराला मी बोलावलंय. गणपतीनंतर येतो म्हणालाय, कुठल्या वर्षीच्या ते विचारायचं राहिलं. तोवर प्लास्टिकचा कागद ठोकलाय.

काल रात्री दादाचा फोन आला. आवाज एकदम मऊ. "बदलायचीच तर बदल बाबा, तुला त्रास होतो. फक्त जुनी चौकट फेकू नको. पॉलिश करून हॉलमध्ये आरसा बसवतो म्हणतोय. हल्ली फार चालतंय."

"खालचा कोपरा कुजलाय, दादा."

"असू दे, असू दे. अँटिक दिसेल."

लक्झरीच्या टपावर टाकून दे म्हणाला, भाड्याचं नंतर बघू. गजांबद्दल काही बोलला नाही, ते बरं झालं. गज आबांनी आधीच मागून ठेवलेत, कोंबड्यांच्या गुडाला.