काही घडतच नाही म्हणे!
इटालियन दिग्दर्शक व्हित्तोरियो दे सिका यांचा १९५२ सालचा ‘उंबेर्तो डी.’ हा चित्रपट कुणालाही दाखवला, की शेवटी तेच ऐकावे लागते: फार संथ आहे, काही घडतच नाही, कुत्रा मात्र गोड आहे. निवृत्तिवेतनात खोलीचे भाडेही न भागणारा रोममधला एक म्हातारा भीक मागण्यासाठी हात पुढे करतो आणि कुणी त्यात पैसे ठेवणार इतक्यात, पाऊस पडतो आहे का हे पाहत असल्यासारखा तळवा उलटा करतो. याहून अधिक काय घडायला हवे? पहाटे स्वयंपाकघरात कॉफी दळता दळता पायाच्या बोटांनी दार लोटू पाहणारी, दिवस गेलेली ती कोवळी मोलकरीण पडद्यावर येते, तेव्हाच नेमके लोक मोबाइल उघडतात. त्या काही मिनिटांसाठीच तर मी हा चित्रपट पुन्हा पुन्हा पाहते!