पासष्टीनंतर बहीण कुठे जाते?

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'लाडकी बहीण'वरून वाद पेटला की दोनच बाजू असतात. एक म्हणते, ही रेवडी आहे, करदात्यांच्या पैशांची उधळपट्टी आहे. दुसरी म्हणते, बाईच्या हातात स्वतःचे पैसे आले तर कोणाच्या पोटात का दुखावं? मी दुसऱ्या बाजूची आहे आणि इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये बसून रात्री उशिरापर्यंत भांडते. पण माझ्या आत्याला पासष्ट वर्षं पूर्ण झाली आणि तिचा हप्ता थांबला, तेव्हा दोन्हींकडचं कोणी एक शब्द बोललं नाही. जणू ते व्हायचंच होतं.

योजना जून २०२४ मध्ये जाहीर झाली तेव्हा वयाची अट २१ ते ६० होती. ओरड झाल्यावर काही दिवसांतच वरची मर्यादा ६५ झाली. महिन्याला १,५०० रुपये आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. पुढे काय, तर 'श्रावणबाळ' ही ज्येष्ठांची निवृत्तिवेतन योजना आहे ना! रक्कम तेवढीच. मात्र लाडकी बहीण आली तेव्हा श्रावणबाळची उत्पन्नमर्यादा होती वर्षाला २१ हजार, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. ज्या घराचं उत्पन्न वर्षाला लाखभर आहे, तिथली बाई चौसष्टाव्या वर्षी पात्र आणि सहासष्टाव्या वर्षी दोन्हीकडून बाहेर. या दोन वर्षांत तिची गरज कमी झाली की गुडघे बरे झाले?

आत्या त्या पैशांतून रक्तदाबाच्या गोळ्या आणायची, नातीला वह्या घ्यायची आणि भिशीचा हप्ता भरायची. भिशीत तिचं नाव वहीत लिहिलेलं असे, तिचं, मुलाचं नाही. आता ती भिशीतून बाहेर पडली आहे. मुलगा वाईट नाही. "तुला काय कमी आहे? लागलं तर माग की," असं तो मनापासून म्हणतो. पण मागायचं म्हणजे कारण सांगायचं. काकांना निवृत्तीनंतर कोणी विचारलं नव्हतं की या वयात तुम्हाला पैसे कशाला लागतात. आत्याने चाळीस वर्षं शेतात आणि घरात राबून काढली, त्याची नोंद ना सातबाऱ्यावर, ना कुठल्या पेन्शनच्या कागदावर.

"तुमच्याकडे बरं आहे, म्हाताऱ्यांना सरकार बघतं," हे मला दर सुट्टीत ऐकावं लागतं. बघतं, हे खरंच आहे. इथे पेन्शन बाईच्या स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या खात्यात येते, त्यासाठी मुलाचं तोंड बघावं लागत नाही. ही फार मोठी गोष्ट आहे आणि मी ती कमी लेखणार नाही. पण माझ्या शेजारणीची गोष्टही ऐका. तिचा जन्म १९५४ अखेरचा. इथे बायकांना साठाव्या वर्षी पेन्शन मिळायची, पुरुषांना पासष्टाव्या. १९९५ च्या कायद्याने बायकांचंही वय टप्प्याटप्प्याने पासष्ट करायचं ठरलं आणि २०११ मध्ये त्याचा वेग वाढवून २०२० पर्यंत दोघांचंही सहासष्ट केलं. शेजारणीने साठीचा हिशोब धरून आजारी आईसाठी नोकरी सोडली होती. नीट कळलं तेव्हा ती सुपरमार्केटात रात्रपाळीला लागली. पहाटे घरी परतताना मला ती दिसायची, बोटांवर थंडीने भेगा पडलेल्या.

वय समान करण्याला माझा विरोध नाही. पण ज्या बायकांना आयुष्यभर कमी पगार मिळाला, मुलांसाठी नि आईवडिलांसाठी ज्यांची नोकरी तुटत राहिली, त्यांच्या वाट्याला समानता आली ती नेमकी पेन्शनच्या दारात, आणि तीही पुरेशी सूचना न देता. इथल्या लोकपालाने मार्च २०२४ मध्ये सरकारी खात्याची चूक मान्य केली आणि एक हजार ते २,९५० पौंडांपर्यंत भरपाई सुचवली. डिसेंबरमध्ये सरकारने पत्रं उशिरा पाठवल्याबद्दल माफी मागितली आणि भरपाई मात्र नाकारली. जांभळे पट्टे घालून संसदेबाहेर उभ्या राहणाऱ्या त्या बायकांना लोक 'चिडलेल्या आज्या' समजून पुढे जातात, तेव्हा मला आत्या आठवते.

वयाचा आणि बाईपणाचा मार एकत्र बसतो, हे कायद्यालाही दिसत नाही. बीबीसीच्या 'कंट्रीफाइल' या कार्यक्रमातून २००९ मध्ये निवेदिका मिरियम ओ'रायली यांना पन्नाशी ओलांडल्यावर काढलं. जॉन क्रेव्हन हे अडुसष्ट वर्षांचे निवेदक राहिले. नवे कॅमेरे येतायत, सुरकुत्यांकडे बघा, असं ओ'रायलींना आधी सुनावलं गेलं होतं. २०११ मध्ये न्यायाधिकरणाने वयावरून भेदभाव झाल्याचं मान्य केलं, लिंगभेदाचा दावा मात्र फेटाळला. दोन कारणं मिळून झालेला भेदभाव पकडणारं कलम, चौदावं, इथल्या २०१० च्या समानता कायद्यात लिहिलेलं होतं. ते अमलातच आणलं गेलं नाही. आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहे, वय नाही. खासगी नोकरीत वयावरून डावललेल्या बाईला दाद मागायला आपल्याकडे सरळ असा कायदा नाही.

म्हणून ग्रुपवरच्या माझ्या भावंडांना माझं सांगणं आहे. रेवडी की सन्मान, यावर भांडायचं तर भांडा, पण ६५ हा आकडा आधी काढायला लावा. आणि ज्येष्ठ बाईची पात्रता ठरवताना घराचं नव्हे, तिच्या स्वतःच्या नावावरचं उत्पन्न धरा. आत्याच्या नावावर आज काहीच नाही. तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला काढायला गेली तर घराचा आकडा येतो आणि तिचा अर्ज तिथेच संपतो.