भावोजी, आमच्या गेटाची बिजागरी बघून जा

आज वाडीत सत्यनारायण होता. प्रसाद हातात पडेपर्यंत विषय रत्नागिरीतल्या वाटदच्या नियोजित तोफगोळ्यांच्या कारखान्यावर आलाच. आमचे एक भावोजी (नाव नको, ते हे वाचतात) म्हणाले, "जर्मन आले, खासगी मालक आला, आता काम होईल. सरकारी गोदीतली माणसं काय, चहा पिऊन रिटायर झाली!"

शिरा घशाखाली उतरेना.

माझे बाबा माझगाव डॉकला, म्हणजे मुंबईच्या त्याच सरकारी गोदीत, वेल्डर होते. शल्की पाणबुडीवर. तेव्हाही जर्मनच होते, भावोजी! 1981 चा करार, चार पाणबुड्या, दोन तिकडे जर्मनीत कीलला आणि दोन मुंबईत. कवचाच्या जॉइंटचा एक्स-रे काढत. एकदा बाबांच्या जॉइंटमध्ये मोहरीएवढा ठिपका निघाला. सगळं खरवडून परत मारायला लागलं. त्या रात्री जेवले नाहीत. आईला एवढंच म्हणाले, "आत चाळीस पोरं असतात गो."

हे चहा पिणारे.

शल्की 1992 ला नौदलात गेली, शंकुल 1994 ला. मधल्या काळात लाचेच्या आरोपांनी तो व्यवहार बदनाम झाला, पुढच्या पाणबुड्या बारगळल्या. फ्रेंचांशी स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार झाला 2005 ला. तोवर बाबा गावी येऊन वाडीतल्या गेटांच्या बिजागऱ्या जोडत होते. शिकवायला खर्च केला देशाने, आणि ते शिकलेलं गेलं कुठे? बिजागऱ्यांत.

गोदीत उशीर होतो, मान्य. 2005 च्या करारातली पहिली कलवरी आली 2017 च्या डिसेंबरात. खासगीवाले झटपट करतील, तेही मान्य. झालं समाधान?

आता वाटदसाठी 2025 च्या मे महिन्यात रिलायन्स डिफेन्स आणि जर्मनीची ऱ्हाइनमेटल यांचा करार झालाय, वर्षाला 2 लाख तोफगोळ्यांपर्यंतची क्षमता म्हणे. युरोपला गोळे हवेत, आपल्यालाही हवेत. माझा विरोध नाही. (ज्यांची आंब्याची कलमं जाणार त्यांना विचारा, मी कोण बोलणार.) पण गोळे किती ते सगळे सांगतात. आमच्या पोरांना शिकवणार कोण, कुठे, आणि ऑर्डर संपली की त्या हातांचं काय, हे सरकारने कंपनीकडून लिहून घेतलंय का?

माझा पुतण्या आयटीआयचा वेल्डर. दुसऱ्याच एका कंपनीने जमिनी घेताना स्थानिकांना नोकऱ्या कबूल केल्या होत्या. दिली की! गेटवर. निळा शर्ट, गळ्यात शिटी. संताप येतो हो, लिहितानाही येतोय.

जाऊ दे. संध्याकाळी बाबांची वेल्डिंगची काळी काच काढली. पुतण्या ती डोळ्याला लावून बराच वेळ बल्बकडे बघत बसला, बोलला काही नाही.

भावोजी, रागावू नका. उद्या गाडी पकडायच्या आधी चहाला या. आमच्या गेटाची वरची बिजागरी बघा. बाबांनी ती तीनदा खरवडून परत मारली होती, आणि तिचा एक्स-रे कोणी काढणार नव्हतं.